उभं तरंगणारं लाकूड

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या मागे लागणार नाही. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरी घडलेलं आहे. यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या वस्तीत, तीन वर्षांपूर्वीच्या नवतपात. मी त्या दिवसांत त्या घरी गेले होते. ती ओली गादी मी माझ्या हाताने दाबून पाहिली आहे.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही.

भर दुपारची आहे.

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस. बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आमच्याकडे. दारं-खिडक्या बंद, आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर.

माझ्या या भावाचं नाव अभिषेक. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बायको शाल्मली, सात वर्षांची मुलगी आभा, आणि वडील वामनराव, म्हणजे माझे मावसाजी. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली.

मावसाजी भारी बोलका माणूस. कचेरीत बत्तीस वर्षं काढली आणि अर्ध्या यवतमाळशी गप्पा मारल्या. एसटीत शेजारी कोणी बसला, की उतरेपर्यंत त्याच्या तीन पिढ्यांची माहिती काढून घेणार. असल्या माणसाला आदल्या सप्टेंबरात लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

आठ महिने एक शब्द नाही.

अभिषेकचा बापावर जीव. रोज कारखान्यातून आला, की चपला काढून थेट पलंगाशी. "बाबा, एक डाव अभ्या म्हणा. एकच डाव." मावसाजी छताकडे बघत राहायचे. मग हा मोरीत जाऊन नळाला पाणी नसतानाही तोंड धुतल्यासारखं करायचा. शाल्मलीला सगळं कळायचं.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या नजरेसमोर काही हलतं-जिवंत ठेवा. म्हणून घरात माशांची काचेची टाकी आली. आता आमचा अभिषेक म्हणजे एखादी गोष्ट डोक्यात घेतली की संपलं. मोबाइलवर पाहून पाहून त्याने ठरवलं, टाकीत लाकूड पाहिजे. तेही दुकानातलं नाही. नदीतलं, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेलं.

मी म्हटलं, "अरे, माशाले काय समजते दुकानातलं अन् नदीतलं?"

"ताई, तुले नाही समजत त्यातलं," तो म्हणाला.

बरं बाबा. नाही समजत.

मग मित्राच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, तो मुकुटबनला गेला, आणि तिथून गाडी काढून पैनगंगेच्या पात्रात उतरला. मे महिन्यातली नदी. वाळूच वाळू आणि पलीकडच्या काठाला पाण्याची एक धार. तिथे वाळूत त्याला एक मूळ दिसलं. दोन-अडीच फुटांचं, खाली जाड, मधे बारीक, वर गाठ.

आडवं पडलेलं नव्हतं.

वाळूत सरळ उभं होतं.

त्याने ओढलं, तर एका हाताने निघालं. इतकं हलकं. उन्हात डोक्याला बांधायच्या दुपट्ट्यात गुंडाळून गाडीला बांधलं आणि घेऊन आला. येताना गाणी म्हणत आला, हे त्यानेच मला सांगितलं.

आता असं लाकूड थेट टाकीत टाकता येत नाही. तारेच्या ब्रशने घासायचं, सडलेला भाग खरवडून काढायचा. साबण लावायचा नाही. मग तासन् तास उकळायचं. लाकडातून चहासारखा रंग उतरतो, तो उतरत राहीपर्यंत पाणी बदलायचं. आणि शेवटी पाण्यात भिजत ठेवायचं, आठ दिवस, पंधरा दिवस, जोपर्यंत ते पाणी पिऊन स्वतःहून तळाला बसत नाही.

अभिषेकने मागच्या अंगणात विटांची चूल मांडली आणि लग्नकार्याचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, चढवला. आधी एक टोक, मग उलटं करून दुसरं. सकाळपासून उकळलं. पाणी कत्थ्यासारखं लाल झालं. वासही आला, नदीच्या गाळाचा. अभिषेक गंजाचं पाणी ओतून द्यायला निघाला आणि शाल्मली किंचाळली.

"ओतून कायले राह्यले? आठव्या दिवशी नळ येते आपल्याकडे, अन् तुम्ही लाकडाले आंघोळी घालून राह्यले!"

यवतमाळात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कोणी फेकत नाही. झाडांना घालावं, तर झाडं केव्हाच वाळलेली.

तिने ते लाल पाणी थंड केलं. फडक्याने गाळून घेतलं.

आणि मावसाजींच्या खोलीतल्या कूलरमध्ये ओतलं.

दुसऱ्या कुठल्या गावचं माणूस हे करणार नाही. आमच्याकडे कोणीही केलं असतं. मी पण केलं असतं.

लाकूड निळ्या ड्रममध्ये भिजत पडलं. लाकूड पाण्यात आडवं तरंगतं, हो ना? हे उभं राहिलं. जाड टोक खाली, गाठ वर. जेमतेम चार बोटं पाण्यात, बाकी सगळं बाहेर. अभिषेकला मौज वाटली. त्याने खिळ्याने पाण्याच्या पातळीशी लाकडावर एक खूण ओरखडली. रोज किती बसतं ते पाहू म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता...

शाल्मली स्वयंपाकघरात होती. अभिषेक त्या आठवड्यात सुट्टीवर होता, तो बाहेरच्या खोलीत पडला होता. कूलर चालू होता. त्या घरघरीत एक आवाज आला.

"पाय भिजले."

अभिषेक उठून बसला. टीव्ही बंद होता.

"अभ्या... पाय भिजले रे माझे."

तो धावला. मावसाजी त्याच्याकडे बघत होते. छताकडे नाही, त्याच्याकडे! अभिषेक पलंगाशी गुडघ्यावर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. शाल्मली हातातली कणीक घेऊनच आली. आभा टाळ्या वाजवत नाचली. आठ महिन्यांनी, बाप्पा! त्याने मला फोन केला, तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. मी पण रडले, खोटं कशाला सांगू.

त्या गडबडीत पाय खरंच ओले आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ते मथुराबाईंच्या ध्यानात आलं. त्या भांडी-धुणं करतात, आणि मावसाजींची चादर पण त्याच बदलतात. "पायाखालची गादी चिंब होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "बाकी सारी कोरडी."

कूलरचे शिंतोडे असतील, असं ठरलं. कूलर थोडा मागे सरकवला.

तिसऱ्या दिवशी मावसाजींनी आभाला नावाने हाक मारली. सिलिंडर लावलं का विचारलं. शाल्मलीला म्हणाले, वरणात मीठ नाही. आणि मधेच...

"पाणी गुडघ्याले लागलं."

गादी गुडघ्यापर्यंत ओली होती.

अंगणात लाकूड आणखी बसलं होतं. अभिषेकने दुसरी खूण केली, तिसरी केली. ड्रमचं पाणी बदललं. काढलेलं लाल पाणी पुन्हा कूलरमध्ये गेलं. ड्रमशेजारी आभाने चिमण्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं होतं. भर उन्हाळ्यात तिथे गर्दी असायची.

त्या दिवसांत एकही चिमणी आली नाही.

पाचव्या दिवशी मी गेले. मावसाजी उशीला टेकून बसले होते आणि काय बोलत होते! माझ्या लग्नातला वरातीचा घोडा कसा बिथरला, कोण चिखलात पडलं, सगळं नावांसकट. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिषेक त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता, की मला माझेच वडील आठवले. मी त्यांची चादर नीट करायला गेले आणि हात झटकन मागे घेतला.

कमरेपर्यंत गादी गार, ओली गच्च. मी दाबली, तर बोटांभोवती पाणी जमा झालं. कमरेच्या वर ठणठणीत कोरडी. मधे सरळ रेघ.

मी नाकाशी बोटं नेली. नदीच्या गाळाचा वास.

"अभिषेक, हे काय आहे रे?"

"घाम येते त्यांना. डॉक्टरले विचारलं मी," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला.

मी निघताना मावसाजींनी मला विचारलं, "आवाज येऊन राह्यला का माझा?"

"येतो ना मावसाजी. छान येतो."

"बोलत राहा मंग," ते म्हणाले. "कोणी तरी बोलत राहा काठावरून."

काठावरून? मी अभिषेककडे पाहिलं. तो कूलरचं बटण उगाच फिरवत होता.

सहाव्या दिवशी वीज गेली. कूलर बंद पडला, पंखा थांबला. घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत अभिषेकला पहिल्यांदा ऐकू आलं...

डुब्... डुब्...

पलंगाखालून. पाणी लाकडाला हळूच लागावं तसं.

वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती.

त्याच दिवशी मथुराबाई अंगणात राख घेताना ड्रमपाशी थबकल्या. लाकडाच्या मधल्या बारीक भागावर बोट न लावता त्यांनी दाखवलं. "भाऊ, येथी दोर बांधला होता कोणी. घट्ट. पाह्य, खाच पडली."

खाच होती. दोन वेढ्यांची. घासताना अभिषेकला ती दिसली होती. किड्याने खाल्लं असेल, असं समजून तो पुढे घासत गेला होता.

मथुराबाईंनी राख तिथेच टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात यायचं बंद केलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, पाय दुखते.

सातव्या दिवशी शाल्मलीने हिशेब लावला. बायकांचं लक्ष असतं. तिने नवऱ्याला हाताला धरून ड्रमपाशी नेलं. लाकडावरच्या खुणा दाखवल्या. पहिली तळाशी. मग जरा वर, मग मधे. आजची गाठीच्या खाली, खांद्याएवढी. मग त्याला आत नेलं. मावसाजींचा सदरा छातीपर्यंत ओला होता.

"काढा ते लाकूड. आत्ताच्या आत्ता."

"शाल्मली, बोलून राह्यले ते! आठ महिने मी काय मागितलं देवाले? एवढंच नं?"

"पाणी चढून राह्यलं, दिसत नाही का तुम्हाले? कूलर धुऊन काढला मी काल, चांगलं पाणी भरलं. फरक पडला का? उद्या ते लाकूड बुडलं तं?"

अभिषेक वडिलांच्या ओल्या सदऱ्याची बटणं काढायला लागला. मग म्हणाला, "एक दिवस. फक्त एक दिवस दे मले."

तो एक दिवस मागितल्याचं त्याला आजही खातं. मी त्याला दोष देत नाही. बाप आठ महिन्यांनी बोलतोय, आणि कोण सांगणार त्याला की गप्प कर?

रात्रभर मावसाजी बोलत राहिले. पण आता गोष्टी नव्हत्या. भरभर, धाप लागल्यासारखं. "आवाज येऊन राह्यला का? अभ्या, आवाज येते का?" आणि अभिषेक दर वेळी, "येते बाबा, येते."

आठव्या दिवशी सकाळी नळाची पाळी होती. दोघं पाणी भरण्यात गुंतले. अकराच्या सुमारास आभा बाहेर आली. "आई, आजोबा असं काहून करून राह्यले?"

"कसं?"

आभाने हनुवटी वर केली. मान ताणली. तोंड आभाळाकडे.

अभिषेक आत गेला नाही. तो मागच्या अंगणात धावला.

ड्रममध्ये गाठीचा फक्त वरचा भाग दिसत होता. दोन बोटं.

त्याने हात घातला आणि ओढलं. हललं नाही. नदीतून एका हाताने काढलेलं लाकूड, आता दोन्ही हातांनी जागचं हलेना. त्याने शाल्मलीला हाक मारली. दोघांनी मिळून ड्रम आडवा पाडला. दोनशे लिटर पाणी अंगणात गेलं. लाकूड फरशीवर आदळलं, आणि आतून मावसाजींचा श्वास ऐकू आला. खूप वेळ दम कोंडलेला माणूस घेतो तसा लांब श्वास.

"नेऊन टाका," शाल्मली म्हणाली. "जिथून आणलं तिथं."

बारा वाजता तो निघाला. अंगाची लाही होत होती, लाकूड मागे बांधलेलं, आणि मुकुटबन जवळ आहे का? करंजी मागे पडलं. मारेगाव मागे पडलं. लाकूड उन्हात वाळत होतं, गाडीला जाणवेल इतकं हलकं होत होतं. वणीला तो थांबला आणि घरी फोन लावला.

"कोरडे झाले," शाल्मली म्हणाली. "छाती कोरडी, कंबर कोरडी. आता फक्त पाय."

"बोलून राह्यले का?"

"बोलून राह्यले. पण हळू. थांबा, देते."

फोन मावसाजींच्या कानाशी गेला. श्वास ऐकू आला. मग एकदम बारीक, पण स्वच्छ आवाज...

"अभ्या, ऊन फार हाय रे. डोक्याले दुपट्टा बांधला का?"

त्याने बांधला नव्हता. त्या दुपट्ट्यात लाकूड गुंडाळलं होतं.

हे नदीतलं कोणी बोलतं का, सांगा मला. हे बापच बोलतो ना? अभिषेक वणीत एका झाडाखाली अर्धा तास बसून राहिला. गाडी दोनदा यवतमाळच्या दिशेने वळवली, दोनदा परत फिरवली. मग त्याच्या नजरेसमोर ती ताणलेली मान आली. तो पुढे निघाला.

पैनगंगेच्या वाळूत टरबुजाची वाडी होती, ती राखणारे बळीराम नावाचे एक म्हातारे झोपडीत बसले होते. अभिषेकने गाडीवरून लाकूड सोडलं तसे ते उठून उभे राहिले. जवळ आले नाहीत, लांबूनच त्या दोराच्या खाचेकडे बघत राहिले.

"कुठं भेटलं तुले हे?"

"इथंच. तिकडं, वाळूत."

"इथं नाही भेटणार," ते म्हणाले. "ज्या झाडाचं हे, ते झाड गेलं पुरात. मी तुह्यापेक्षा लहान होतो. एका माणसानं सोताले दोरानं बांधून घेतलं होतं त्या झाडाले. आम्ही सारे या काठावर. कोणाले जाता येईना. तो बोलत राह्यला, म्हणे आवाज येते का माझा, अन् आम्ही इकडून होय म्हणत राह्यलो. जसं पाणी चढे, तसा जास्त बोले."

"मग?"

"मंग काय. सकाळी झाड नव्हतं. मुळासकट गेलं ते. त्याचं मूळ इथं राहीन कायले?"

अभिषेकने पुढे काही विचारलं नाही. तो धारेपर्यंत चालत गेला आणि लाकूड पाण्यात सोडलं. ते आडवं पडलं, साध्या लाकडासारखं, आणि वाहत वळणापलीकडे गेलं.

घरी पोचला तेव्हा सात वाजले होते. मावसाजींचे पाय कोरडे होते. नजर छताकडे.

"बाबा, आलो मी."

काही नाही.

"बाबा, आवाज येते का माझा?"

काही नाही.

डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी, अचानक वाचा येते आणि जाते. असेलही. तीन वर्षं झाली, मावसाजी आहेत. जेवतात, बघतात. एक शब्द नाही. माशांची टाकी काढून टाकली.

मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत अभिषेक सुट्टी टाकून कुठे जातो, ते शाल्मलीला माहीत नव्हतं. मला परवा कळलं, जेव्हा त्याचा फोन आला. नवतपा पाच दिवसांवर आहे.

"ताई, मुकुटबनले येशीन का माझ्यासंग? एकट्यानं दोन्ही काठ पाहून होत नाही."

"अरे, सापडलं तर काय करशील तू?"

त्याने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"कमरेपर्यंत, ताई," तो म्हणाला. "कमरेपर्यंतच भिजवीन. त्याच्या वर नाही जाऊ देणार."

मी त्याला अजून हो किंवा नाही काही सांगितलेलं नाही. आज सकाळपासून त्याचे तीन फोन येऊन गेले आहेत.